बोर्डावरच्या तांब्यात किती व्होल्ट हरवतात? ट्रेसचा रेझिस्टन्स काढायची फुकट आणि स्वस्त साधनं

स्किमॅटिकमध्ये दोन पार्टांना जोडणारी रेष शून्य ओहमची धरलेली असते. बोर्ड बनून आला की तीच रेष केसापेक्षा पातळ तांब्याची पट्टी, म्हणजे ट्रेस, झालेली असते आणि मग नको ते प्रश्न सुरू होतात. रेग्युलेटरपाशी ३.३ व्होल्ट नीट दिसतात, चिपच्या पायावर मात्र ३.१. मोटर सुरू झाली की सेन्सरचं रीडिंग हलतं. एलईडीच्या पट्टीचं शेवटचं टोक पहिल्यापेक्षा मंद दिसतं. पार्ट सगळे चांगले असतात, सोल्डरिंगही नीट असतं. व्होल्टेज वाटेतल्या तांब्यात पडलेलं असतं.

आताच्या प्रोसेसर आणि एफपीजीए चिपांमुळे हा हिशेब फारच कडक झाला आहे. कोअरचं व्होल्टेज १ व्होल्ट, चालणारी चूक ३ टक्के आणि करंट १० अँपिअर असं समजा. ३ टक्के म्हणजे ३० मिलिव्होल्ट. त्याला १० अँपिअरने भागलं की उरतात ३ मिलिओहम. जाण्याच्या आणि परत येण्याच्या वाटेवरचं तांबं, व्हाया (थरांना जोडणारी, आतून तांबं चढवलेली भोकं), सोल्डरचे जोड हे सगळं एवढ्यात बसवायचं.

यासाठी मोठ्या कंपन्या वापरतात ती सॉफ्टवेअर एकट्या डिझायनरच्या किंवा छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यात नसतात. सुदैवाने, बोर्डाच्या सिम्युलेशनमध्ये जे जे येतं त्यात डीसी रेझिस्टन्स हे सगळ्यात सोपं गणित आहे. ते सोडवायला लागणारी साधनं फुकट मिळतात आणि ती पुरेशी अचूकही आहेत. उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा आपण टूलला दिलेल्या आकड्यांमुळे.

## आधी चौकोन मोजा

बोर्डावर तांब्याची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते. त्यामुळे रेझिस्टन्स पट्टीच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर ठरतो. पट्टी जितकी रुंद तितक्याच बाजूच्या चौकोनी फरश्या तिच्यावर एकापुढे एक बसवल्या, तर किती बसतील? तेवढे चौकोन. १ मिमी रुंद आणि १० मिमी लांब पट्टीत १० चौकोन, ५ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब पट्टीतही १०. दोन्हींचा रेझिस्टन्स सारखाच.

एका चौकोनाच्या रेझिस्टन्सला शीट रेझिस्टन्स म्हणतात. '१ औंस' तांबं म्हणजे ३५ मायक्रॉन जाडी, आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा शीट रेझिस्टन्स सुमारे ०.४९ मिलिओहम येतो. २ औंसाला त्याच्या निम्मा, अर्ध्या औंसाला दुप्पट. 'चौकोनाला अर्धा मिलिओहम' एवढं पाठ असलं तरी पुष्कळ कामं तिथल्या तिथे उरकतात.

उदाहरणार्थ, १ मिमी रुंद, १०० मिमी लांब ट्रेस. १०० चौकोन, म्हणजे ४९ मिलिओहम. ३ अँपिअर वाहिले तर जवळजवळ ०.१५ व्होल्ट पडतात आणि ०.४४ वॉट उष्णता होते. परतीची पट्टी तेवढीच अरुंद असेल तर एकूण ०.३ व्होल्ट. ५ व्होल्टच्या लाइनवर हे ६ टक्के झाले. वरच्या कोअरवाल्या उदाहरणात ३ मिलिओहम म्हणजे येऊन-जाऊन फक्त सहा चौकोन. तिथे ट्रेस विसरायचा आणि सलग प्लेनच, म्हणजे थरभर पसरलेलं तांबंच, वापरायचं.

काटकोनी वळणावरचा चौकोन पूर्ण धरू नये. करंट आतल्या कोपऱ्याला चिकटून वळतो, म्हणून तो चौकोन ०.५६ एवढाच भरतो. हा आकडा लक्षात असू द्या, टूलची परीक्षा घ्यायला पुढे लागेल.

## मग टूल कशाला?

सरळ पट्ट्या असतील तर खरंच नको. अडचण येते ती कॉपर पोरमध्ये, म्हणजे रिकाम्या जागेत भरलेल्या तांब्याच्या सलग पसाऱ्यात. वरवर पाहिलं तर ४० मिमी रुंद प्लेन. पण कनेक्टरखाली व्हायांची एक रांग असते आणि प्रत्येक व्हायाभोवती तांबं सोडून गोल मोकळी जागा ठेवलेली असते. या मोकळ्या जागा एकमेकींना भिडल्या की प्लेनमध्ये आडवी चीर पडते आणि सगळा करंट टोकाच्या ३ मिमीतून जातो. डीआरसीला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आपोआप होणाऱ्या नियम-तपासणीला, यात काही वावगं दिसत नाही, कारण जोडणी तर आहेच. इथे चौकोन कुठून कुठे मोजायचे हेच कळत नाही.

दुसरा प्रसंग करंट मोजायच्या शंटचा, म्हणजे ज्याच्यावर पडलेल्या व्होल्टेजवरून करंट काढतात त्या छोट्या रेझिस्टरचा. १ मिलिओहमच्या शंटची सेन्स लाइन (ते व्होल्टेज मोजायला घेतलेली वाट) पॅडच्या आतल्या कडेऐवजी दोन चौकोन लांबवरून घेतली, तर मोजमापात आणखी १ मिलिओहम मिसळतो. म्हणजे रीडिंग थेट दुप्पट. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे बोर्ड तापला की ही चूकही हलत राहते. कॅलिब्रेशननेही ती पुरती जात नाही.

## पहिली पायरी: कॅल्क्युलेटर

कीकॅड हे बोर्ड डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबरच एक कॅल्क्युलेटर येतो. ट्रेसच्या पानावर करंट, लांबी, रुंदी आणि तांब्याची जाडी भरली की रेझिस्टन्स, व्होल्टेज ड्रॉप आणि वाया जाणारी पॉवर मिळते. व्हायांसाठी वेगळं पान आहे. विंडोजवर चालणारं सॅटर्न पीसीबी टूलकिटही फुकट आहे आणि त्यात पर्याय जास्त आहेत.

ट्रेस किती तापेल याचं उत्तर ही साधनं साधारणपणे आयपीसी-२२२१ या मानकातल्या सूत्रावरून देतात. १ मिमी रुंद, १ औंसाच्या बाहेरच्या ट्रेसला १० अंश तापायला त्या सूत्राने सुमारे २.४ अँपिअर लागतात. वरच्या ३ अँपिअरच्या उदाहरणात तापमान १७ अंशांच्या आसपास वाढेल. आतल्या थरांना हे सूत्र बाहेरच्यांच्या निम्माच करंट देतं. २००९ मध्ये आलेल्या आयपीसी-२१५२ मध्ये यासाठी नव्या मोजणीवरचे आलेख आहेत. टूलमध्ये दोन्ही पर्याय असतील तर नवा निवडा.

कीकॅडसाठी पॅरासिटिक्स नावाचं प्लगइन आहे. ते दोन निवडलेल्या बिंदूंमधला रेझिस्टन्स बोर्डाच्या फाइलवरून काढतं. ट्रेस आणि व्हायांची साखळी असेल तर सोयीचं. नेटमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तांब्यात, मोठा पोर असेल, तर टूल तो खरोखर हिशेबात धरतं का हे एका लहान नमुना बोर्डावर आधी पाहून घ्यावं.

## एका थराच्या वेड्यावाकड्या आकारासाठी: एफईएमएम

एफईएमएम हे विंडोजवरचं मोफत द्विमितीय सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर ते वाइनमधून चालतं. आकाराचे हजारो लहान त्रिकोण करायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावरचं व्होल्टेज एकत्र सोडवायचं, या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. मॅग्नेटिक्ससाठी हे टूल प्रसिद्ध असलं तरी त्यात 'करंट फ्लो' नावाचा प्रकारही आहे. आपल्याला तोच हवा.

कीकॅडमधून तो थर डीएक्सएफ या ड्रॉइंग फाइलच्या स्वरूपात प्लॉट करा. लिब्रेकॅड या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडून हव्या त्या नेटची बाह्यरेषा आणि आतली भोकं ठेवा, बाकी सगळं खोडा. ट्रेस आणि पॅडच्या रेषा एकमेकींवर आल्या असतील तर त्यांची एकच बाह्यरेषा करा. एफईएमएममध्ये प्लेनर प्रकारचा करंट फ्लो प्रॉब्लेम घ्या, एकक मिलिमीटर ठेवा आणि 'डेप्थ' मध्ये तांब्याची जाडी भरा: ०.०३५. मटेरियलची कंडक्टिव्हिटी ५.८ कोटी सीमेन्स प्रति मीटर. मग दोन कंडक्टर बनवा, एकाला १ व्होल्ट, दुसऱ्याला ० व्होल्ट, आणि ते सुरुवातीच्या व शेवटच्या पॅडच्या कडांना लावा. उरलेल्या कडांना काहीही लावू नका. अट न दिलेली कड आपोआप इन्सुलेटर धरली जाते, त्यामुळे बाहेर हवेचा प्रदेश काढायची गरज नाही.

सोडवल्यावर कंडक्टरमधून जाणारा एकूण करंट वाचा. १ भागिले तो करंट म्हणजे रेझिस्टन्स. करंट १९० अँपिअर वगैरे दिसला तर दचकू नका. गणित रेषीय आहे, १ व्होल्ट फक्त सोयीसाठी घेतला आहे.

अडतं ते बहुतेक डीएक्सएफमध्ये. रेषांची टोकं हजारांश मिलिमीटरने सुटलेली असतात, आकार बंद होत नाही आणि मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, बनतच नाही. इम्पोर्ट करताना विचारला जाणारा टॉलरन्स ०.०१ मिमीपर्यंत वाढवला की बहुतेक टोकं जुळतात. एक लेबल (त्या तुकड्यात कोणतं मटेरियल हे सांगणारी खूण) द्यायचं राहिलं तरी टूल थांबतं, तेव्हा प्रत्येक बंदिस्त तुकड्यात लेबल हवं. आणि सगळ्यात अरुंद गळ्याच्या रुंदीत निदान चार-पाच त्रिकोण बसतील एवढा मेश बारीक ठेवा.

करंट डेन्सिटीचा रंगीत नकाशा मात्र मन लावून पाहावा. वर सांगितलेली चीर तिथे लालभडक दिसते. रेझिस्टन्सच्या एका आकड्यापेक्षा डिझायनरला हे चित्र जास्त उपयोगी पडतं.

## अनेक थरांसाठी: पायथनमधली रेझिस्टरची जाळी

एफईएमएम एका वेळी एकच थर पाहतं. वरचा थर, खालचा थर आणि मध्ये पन्नास व्हाया असतील तर थोडं पायथन येणाऱ्याने सरळ रेझिस्टरची जाळी बनवावी. शंभरेक ओळींचं काम आहे.

थराच्या गर्बर फाइलचं (बोर्ड बनवणाऱ्याला पाठवतात ती) जीईआरबीव्ही या मोफत टूलने चित्र करा. रिझोल्यूशन २५४ डीपीआय ठेवलं की एक पिक्सेल बरोबर ०.१ मिमीचा होतो. कडांवरचे करडे पिक्सेल अर्ध्यावर कापून चित्र निखळ काळं-पांढरं करा. आता तांब्याचा प्रत्येक पिक्सेल एक नोड, आणि शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये एक रेझिस्टर. त्याची किंमत? पिक्सेल स्वतःच चौकोन असल्यामुळे ०.४९ मिलिओहम, पिक्सेल लहान असो की मोठा. थरांमध्ये जिथे व्हाया असेल तिथे व्हायाचा रेझिस्टन्स जोडा. मग प्रत्येक नोडसाठी 'आत आलेला करंट बरोबर बाहेर गेलेला करंट' हे समीकरण मांडा आणि सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या स्पार्स सॉल्व्हरला द्या. ५० × ८० मिमीच्या थराचे जास्तीत जास्त ४ लाख नोड होतात. साध्या लॅपटॉपला ते झेपतात. पिक्सेल ०.०५ मिमीचा केला की नोड चौपट होतात, मेमरी संपू लागते आणि मग कॉन्जुगेट ग्रेडियंटसारखी टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणारी पद्धत लागते.

या जाळीत दोन-तीन गोष्टी हमखास चुकतात. सुटं तांब्याचं बेट राहिलं की मॅट्रिक्स सिंग्युलर होतं, म्हणजे उत्तरच निघत नाही. सायपायमधल्या लेबल फंक्शनने फक्त आपल्या पॅडशी जोडलेलं तांबं ठेवा. तिरक्या ट्रेसच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि रेझिस्टन्स जास्त येतो, म्हणून रुंदीत आठ-दहा पिक्सेल तरी हवेत.

सगळ्यात फसवी चूक करंट एकाच पिक्सेलमध्ये सोडण्याची. तसं केलं तर जाळी जितकी बारीक कराल तितका रेझिस्टन्स वाढत जातो, कुठेच थांबत नाही, कारण एका बिंदूतून पसरणाऱ्या करंटचा रेझिस्टन्स गणिताने अनंताकडे जातो. पॅडचं पूर्ण क्षेत्रफळ एका व्होल्टेजचं धरा. व्हायाही तिच्या भोकाएवढ्या गोलावर जोडा, एका ठिपक्यावर नको.

कीकॅडच्या फाइलवरून हे काम करणारं पॅडने नावाचं मुक्त टूल आहे. स्वतः कोड लिहायचा कंटाळा असेल त्याने आधी ते पाहावं.

निघालेले रेझिस्टन्स कीकॅडमधल्या एनजीस्पाइस किंवा एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये साधे रेझिस्टर म्हणून घातले की मोटर सुरू होताना सेन्सरच्या ग्राउंडचं काय होतं तेही दिसतं.

## एल्मर आणि फास्टहेन्री

एल्मर हे फिनलंडच्या सीएससी संस्थेचं मुक्त सॉफ्टवेअर त्रिमितीय करंट आणि उष्णता एकत्र सोडवतं. फ्रीकॅडमधूनही ते चालवता येतं. अडचण जाडीची आहे. १०० मिमी लांब बोर्डावर ३५ मायक्रॉनच्या थराचा मेश करायला गेलं की लाखो चपटे तुकडे होतात. उपाय: थराची जाडी दहापट करा, कंडक्टिव्हिटी एक दशांश करा, शीट रेझिस्टन्स तोच राहतो. फक्त व्हायांची कंडक्टिव्हिटी वेगळी भरून त्यांचा मूळ रेझिस्टन्स कायम राहील असं पाहा. उष्णतेचाही हिशेब करायचा असेल तर थर्मल कंडक्टिव्हिटीही त्याच प्रमाणात कमी करावी लागते. हे विसरलं तर बोर्ड कागदावर फारच थंड राहतो.

'पण माझा करंट डीसी नाही' ही शंका रास्त आहे. १ मेगाहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ, म्हणजे करंट ज्या खोलीपर्यंत मुख्यतः वाहतो ती खोली, ६६ मायक्रॉन असते. ती ३५ मायक्रॉनपेक्षा जास्त, तेव्हा जाडीचा प्रश्न येत नाही. पण रुंद पट्टीत करंट कडांकडे सरकणं त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतं, आणि ग्राउंड प्लेनमधला परतीचा करंट कमीत कमी रेझिस्टन्सची वाट सोडून ट्रेसच्या खालची वाट धरतो. अशा वेळी एमआयटीत तयार झालेलं फास्टहेन्री वापरावं. फ्रीक्वेन्सीनुसार बदलणारा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स दोन्ही ते देतं. स्विचिंग रेग्युलेटरच्या सरासरी करंटसाठी मात्र डीसीचंच उत्तर चालतं.

## फुकटचं टूल बरोबर कशावरून?

ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा आकार त्याला द्या. एकसारख्या रुंदीचा काटकोन घ्या, दोन्ही हात पाच-पाच चौकोनांचे. एकूण १०.५६ चौकोन. ३५ मायक्रॉन जाडी आणि वरची कंडक्टिव्हिटी धरली तर ५.२० मिलिओहम यायला हवेत. १ टक्क्याच्या आत आलं की टूल आणि तुमची मांडणी दोन्ही ठीक. मग मेश दुप्पट बारीक करून पुन्हा चालवा. उत्तर पुन्हा टक्क्याहून जास्त हललं, तर पहिल्याच उत्तरावर विसंबू नका.

## खरी चूक आकड्यांत

टूल चौथ्या दशांशापर्यंत उत्तर देतं, पण तांब्याची जाडी तुम्हाला तेवढी कुठे ठाऊक असते? आतल्या थराचं '१ औंस' तांबं स्वच्छतेच्या प्रक्रियांमध्ये झिजतं. आयपीसी-६०१२ मानक तिथे २४.९ मायक्रॉनपर्यंतची जाडी चालवून घेतं. म्हणजे रेझिस्टन्स ४० टक्क्यांनी जास्त, आणि तरी बोर्ड नियमात बसतो. बाहेरच्या थरावर उलट होतं, मूळ फॉइलवर भोकं प्लेट करतानाचं तांबं चढतं. तुमच्या बोर्ड बनवणाऱ्याला 'तयार बोर्डावर किमान जाडी किती' असं विचारा आणि तोच आकडा भरा. ०.१५ मिमीसारख्या बारीक ट्रेसमध्ये एचिंगने कडाही खाल्ल्या जातात, ५ मिमीच्या पट्टीत त्याने फरक पडत नाही.

व्हायाचं तसंच. ०.३ मिमीचं ड्रिल, १.६ मिमीचा बोर्ड आणि २५ मायक्रॉन प्लेटिंग असेल तर सुमारे १.३ मिलिओहम. प्लेटिंग २० मायक्रॉन असेल तर १.६ च्या जवळ. दहा व्हाया समांतर लावल्या म्हणजे प्रत्येकीने दहावा हिस्सा उचलला असंही होत नाही. करंट ज्या बाजूने येतो तिकडच्या व्हाया जास्त ओझं घेतात. वरची जाळी हे नेमकं दाखवते.

तापमानाचं सोपं आहे. बोर्ड ७० अंशांवर चालणार असेल तर २० अंशांच्या उत्तरात २० टक्के मिळवा. सोल्डर मास्क उघडा ठेवून पट्टीवर सोल्डर चढवायची युक्ती थोडीफार कामाची आहे. सोल्डरची रेझिस्टिव्हिटी तांब्याच्या सुमारे आठपट असते, म्हणून ०.३ मिमी सोल्डर म्हणजे जेमतेम आणखी एक औंस तांबं. ही जाडी हातावर अवलंबून असल्याने सिम्युलेशनमध्ये ती धरू नये.

## मग महागडं सॉफ्टवेअर कोणासाठी?

सोळा थरांचा बोर्ड, तीस पॉवर रेल, शेकडो बॉलची चिप आणि दर आठवड्याला बदलणारं लेआउट असेल तर ते घ्यावं. तिथे पैसे मोजले जातात ते फाइल आपोआप वाचणं, सगळ्या रेल एका दमात तपासणं आणि अहवाल काढणं यासाठी. ओहमचा नियम त्यांचाही तोच. दोन किंवा चार थरांच्या बोर्डावर दोन-तीन जड करंटच्या वाटा असतील तर त्यासाठी लायसन्स घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

## मिलिओहम मोजायचा कसा

साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे दिसणार नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो. चार वायरींची पद्धत वापरा. करंट लिमिट असलेल्या पॉवर सप्लायमधून ट्रेसमध्ये १ अँपिअर सोडा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या पिना वेगळ्या, करंटच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला, पॅडवर टेका. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. करंट उलटा करून पुन्हा मोजा आणि चिन्ह न धरता दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे वेगवेगळ्या धातूंच्या जोडांवर तयार होणारं बारीक व्होल्टेज कटतं. ट्रेस तापायच्या आत मोजमाप उरका.

सिम्युलेशनपेक्षा सगळीकडे सारखाच, समजा १५ टक्के, जास्त रेझिस्टन्स आला तर तांब्याची जाडी चुकीची भरली आहे. मॉडेलमधली जाडी त्या प्रमाणात कमी करा. एकाच ठिकाणी फरक पडत असेल तर त्या पट्ट्यातल्या व्हाया आणि थर्मल रिलीफचे (पॅडला पोरशी जोडणारे) अरुंद दांडे तपासा. आणि मोजलेला आकडा सिम्युलेशनपेक्षा कमी आला, तर नेटला आणखी एखादी समांतर वाट आहे जी मॉडेलमध्ये राहून गेली: दुसऱ्या थरावरचा पोर, कनेक्टरचं धातूचं कवच किंवा बोर्ड ज्यावर बसवला आहे तो स्क्रू.